अडलं की कॅलेंडर

“पण सर, माझ्या इमेजमध्ये खोट काय आहे, ते तरी सांगा?”

अभिनंदन चौगुलेनं तिसऱ्यांदा विचारलं. मोमीन सरांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

गडहिंग्लजकडच्या एका तंत्रनिकेतनातली ही गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये हे दोघंच होते.

इमेज म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. एक अख्खा कॉम्प्युटर त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमसकट एका फाइलीत घालून ठेवायचा. ती फाइल कुठंही उघडली, की कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालू होतो. पोरांनी तो खुशाल मोडावा, बंद पाडावा. बाहेरच्या मशीनला ओरखडाही येत नाही.

मोमीन सरांची इमेज पंधरा वर्षं त्या मुलखात फिरत होती. दर जूनला आजरा, चंदगड, भुदरगडकडचे शिक्षक पेन ड्राइव्ह घेऊन यायचे. तिकडं इंटरनेटचा भरवसा असा, की अकरा जीबीची फाइल उतरेपर्यंत सत्र संपायचं. म्हणून सर ती हातानं द्यायचे. आणि देताना गेल्या वर्षीची, पोरांनी वापरून झिजवलेली इमेज परत मागून घ्यायचे.

ती कशाला, हे अभिनंदननं कधी विचारलं नव्हतं. जुनंपानं गोळा करायची काही माणसांना खोडच असते, असं त्यानं आपलं ठरवून टाकलं होतं.

तो सरांचाच विद्यार्थी. पुण्यात सात वर्षं नोकरी करून परत आलेला. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. सर महिनाअखेरीला निवृत्त होणार आणि लॅब अभिनंदनकडं येणार, हे ठरलं होतं.

तीन महिने खपून त्यानं नवी इमेज बनवली होती. सरांच्या इमेजच्या निम्म्या आकाराची, सहा सेकंदांत सुरू होणारी. सगळ्यात शेवटी त्यानं आतली मागची यादीसुद्धा पुसली होती. आपण टाइप केलेली प्रत्येक आज्ञा कॉम्प्युटर त्या यादीत लिहून ठेवतो, चुकलेलीही. ते आपलं चाचपडणं चारचौघांच्या हातात कशाला द्यायचं? पाहुणे यायच्या आधी माणूस घर झाडतोच की.

आता प्रश्न एकच उरला होता. आज पेन ड्राइव्हवर कुणाची इमेज जाणार? सर हो म्हणाले, तर चौदा कॉलेजांत वर्षभर अभिनंदनचं काम उघडणार होतं. आणि खरं सांगायचं, तर त्या चौदा कॉलेजांपेक्षाही त्याला सरांच्या तोंडून तो हो हवा होता.

सर मात्र…

दाराशी चंदगडच्या गावडे मॅडम आल्या. मूळच्या गणिताच्या. कॉलेजात दुसरं कुणी नाही म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्या गळ्यात पडलेली. त्यांनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढून सरांपुढं ठेवला.

सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, मॅडम, आमच्या अभिनंदननं नवी इमेज केलीय, तिला जरा एक जास्तीची डिस्क जोडून दाखवा. अभ्यासक्रमातलंच काम. त्यासाठी एका फाइलीत एक ओळ लिहायची असते आणि मशीन पुन्हा सुरू करायचं असतं.

मॅडमनी ओळ लिहिली. मशीन पुन्हा सुरू केलं.

पडदा काळा झाला तो काळाच राहिला. ओळीत चूक होती. आता मशीन पुढं जाईना. नुसतं कोपऱ्यात आज्ञा मागत बसलं.

अभिनंदनला चूक लांबूनच दिसली होती. त्यानं कीबोर्डकडं हात नेला. सरांनी त्याचं मनगट धरलं.

“तू चंदगडला असणार आहेस का?”

अभिनंदननं हात मागं घेतला.

मॅडमनी वरच्या बाणाची कळ दाबली, मागच्या यादीतल्या आज्ञा वर आणणारी. काही नाही. पुन्हा दाबली. अभिनंदनच्या इमेजला कालचं काहीच आठवत नव्हतं. मॅडम सरांकडं बघून ओशाळं हसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

मग सरांनी शेजारच्या मशीनवर आपली जुनी, जाडजूड इमेज उघडली. मिनिटभर ती सुरूच होत होती. अभिनंदनला त्यातही थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

मॅडमनी तीच ओळ लिहिली, तीच चूक केली. तोच काळा पडदा. पण इथं त्यांनी बाणाची कळ दाबली आणि एकामागून एक जुन्या आज्ञा वर यायला लागल्या. तारखांसकट. कुणी तरी कधी तरी इथंच अडकलं होतं. त्यानं हे करून पाहिलं, ते करून पाहिलं, सतरा वेळा मशीन पुन्हा सुरू केलं, आणि अठराव्या वेळी वाट सापडली. मॅडम ओठ हलवत वाचत गेल्या. कुठली पायरी फुकट गेली आणि कुठली कामाला आली, हे त्या बोटावर मोजत होत्या.

अभिनंदन त्यांच्या खांद्यावरून बघत होता. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर त्या माणसानं एक भलतीच आज्ञा दिली होती. कॅलेंडर दाखव. पुन्हा फसला, पुन्हा कॅलेंडर. सतरा वेळा.

“हा कॅलेंडरवाला कोण होता, कुणास ठाऊक,” मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडं आता सगळी पोरं तेच करतात. अडलं की आधी कॅलेंडर मागवतात. म्हणतात, मॅडम, त्यानंही मागवलं होतं आणि त्याचं सुटलं.”

अभिनंदननं तारीख वाचली. अकरा वर्षांपूर्वीची, ऑगस्टमधली.

त्या दिवशी तो याच लॅबमध्ये, खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर बसला होता. काहीच चालेना, तेव्हा निदान एक आज्ञा तरी चालते हे डोळ्यांनी बघायला तो कॅलेंडर मागवायचा. रडू दाबत मागवायचा. मोमीन सर शेजारी स्टूल घेऊन अडीच तास बसले होते. सांगितलं काहीच नव्हतं. फक्त बसले होते.

कामाला आलेल्या पायऱ्या तशाच टाइप करताच मशीन सुरू झालं. मॅडमनी समाधानानं हात झटकले. म्हणाल्या, सर, यंदाच्या आमच्या पोरांच्या चुका त्या पेन ड्राइव्हवर आणल्यात, त्याही यादीत घाला. एकीची तर फारच सुंदर आहे.

म्हणजे जुनी इमेज सर परत मागायचे, ती याच्यासाठी. पंधरा वर्षं हा माणूस पोरांचं चुकणं गावोगावहून गोळा करत होता आणि दुसऱ्या गावच्या पोरांना वाटत होता. नाव कुणाचंच न घालता. अभिनंदन जो कचरा समजत होता, तो म्हणजे या चुका.

आणि आणखी एक गोष्ट त्याला टोचत होती. नवी इमेज करताना मार्चमध्ये तो याच ओळीवर पुन्हा अडकला होता. पुण्याची सात वर्षं गाठीला असून दोन दिवस. मग सुटलं, आणि त्यानं घाईघाईनं सगळं पुसून टाकलं होतं.

“सर, तो कॅलेंडरवाला…”

सर चष्मा पुसत राहिले. गावडे मॅडमनी एकदा सरांकडं पाहिलं, एकदा अभिनंदनकडं, आणि पर्स मांडीवर घेतली.

अभिनंदननं खूप माणसं पाहिली होती. दहा हजार मशीनं एका बोटावर चालवणारी पाहिली होती. पण एवढं मोठं माणूस आपण आधी पाहिलंच नव्हतं, असं त्याला त्या क्षणी अगदी आतून वाटलं. वाकून पाया पडावं, तर सरांना ते खपत नसे.

“माझ्या इमेजमध्ये असं काहीच नाही, सर,” तो म्हणाला. “मीही अडलो होतो. सगळं पुसलं मी. आता कुठून आणू?”

सरांनी गावडे मॅडमचा पेन ड्राइव्ह उचलला आणि अभिनंदनच्या नव्या, हलक्या इमेजच्या मशीनला लावला. मग खिडकीजवळचं स्टूल ओढून त्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि त्यावर बसले. कीबोर्ड त्याच्याकडं सरकवला.

“बस… सावकाश चुकत जा, यादी आपोआप भरेल. मॅडमची एसटी साडेचारला आहे.”