मदरबोर्डची खोट

“बाकी सगळं ठरलंय, उस्ताद. मदरबोर्ड तेवढा हाच घेऊ ना?”

सन्मती चौगुलेनं फोन पुढं धरला. विचारणं आपलं नावाला होतं. त्याला फक्त उस्तादांची मान डोलायला हवी होती.

मिरजेत खलील तांबोळींना सगळे उस्ताद म्हणतात. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात. गेम खेळायचा पहिला कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडायचा असेल, तर पोरं त्यांच्याकडे येतात. बाकीचे सगळे भाग ज्यावर जोडायचे, त्या मदरबोर्डची पोरानं केलेली निवड पटली, तरच उस्ताद आपल्या टेबलाशी बसू देतात. पहिल्या फेरीत तो मान आजवर कुणाला मिळालेला नव्हता.

आपल्याला मिळणार, असं सन्मती अख्ख्या होस्टेलला सांगून आला होता.

उस्तादांनी फोटो पाहिला. बोर्डावर दिवेच दिवे होते.

“यात खोट काय आहे?”

“काहीच नाही. महिनाभर व्हिडिओ बघितलेत मी. याच्या तोडीचा दुसरा नाही.”

“मग तू अजून निवडलेला नाहीस,” उस्ताद म्हणाले. “नुसता आवडलाय तुला.”

सन्मती तणतणत परत गेला. म्हाताऱ्याला नवीन काही कळत नाही, असं त्यानं होस्टेलवर जाहीर करून टाकलं. पण झोंबलं होतं खरं. त्या दिवसापासून गड्यानं कौतुकाचे व्हिडिओ सोडले आणि लोकांच्या तक्रारी वाचायला घेतल्या.

पंधरा दिवसांनी तो सगळं सामान विकत घेऊन, खोक्यात भरूनच आला. वर्षभर शिकवण्या घेऊन साठवलेलं सगळं या कॉम्प्युटरमध्ये गेलं होतं. हा बोर्ड बिघडला तर दुसरा घेणं त्याला शक्य नव्हतं. बोर्ड अगदी साधा होता, एकही दिवा नसलेला.

उस्तादांनी विचारायच्या आत त्यानंच सुरुवात केली. वाय-फाय नाही, इंटरनेटसाठी भिंतीपासून वायर ओढावी लागेल. पंखे तीनच जोडता येतील. ग्राफिक्स कार्ड बसवलं की खालचा स्लॉट झाकला जाणार, तो असून नसल्यासारखा. एकेक खोट तो अशी सांगत होता, जणू पास झाल्याचे पेढे वाटतोय.

“तरी हाच?”

“हाच. मला जे खेळायचंय, त्याला हा पुरतो. पुढं प्रोसेसर बदलला तरी हाच चालेल.”

उस्ताद हसले. त्यांनी टेबल मोकळं केलं आणि शेजारी स्टूल ओढून दिलं. सन्मती छाती काढून बसला. होस्टेलवर काय काय सांगायचं, हे त्याच्या मनात जुळायलाही लागलं होतं.

“आता तुझी खोट सांग.”

“माझी?”

सन्मतीला हसू आलं.

“माझ्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही, उस्ताद.”

“किती कॉम्प्युटर जोडलेस?”

“मी? जोडलेले?”

“किती?”

“एकही नाही.”

उस्तादांनी खोक्यातून बोर्ड काढला, प्रोसेसर बसायच्या जागेवरचं झाकण उघडलं. आत केसासारख्या बारीक पिना दाटीनं उभ्या होत्या. प्रोसेसर तिरका टेकला आणि त्यातली एक जरी वाकली, तरी बोर्ड गेला. हे सन्मतीला पाठ होतं.

उस्तादांनी प्रोसेसर कडांना धरून त्याच्यापुढं केला.

“बसव.”

सन्मतीनं हात पुढं नेला... आणि थांबला.

बोटं थरथरत होती. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरून पाहिलं, तरी थांबेनात. मग उस्तादांना दिसू नये म्हणून हात सरळ खिशात घातला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आपल्याला इथून उठवणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही.

“तुम्हीच बसवा,” तो खाली बघत म्हणाला. “माझा हात थरथरतोय.”

उस्तादांनी प्रोसेसर तसाच पुढं धरून ठेवला.

“खिशातून काढ तो हात,” ते म्हणाले. “ज्याचा थरथरत नाही, त्याला मी या टेबलाशी बसू देत नाही.”