मागच्या दाराची पंगत

उंबरगडात दवंडी पिटली गेली आणि सारं गाव खवळलं.

“ऐका हो ऐका! कोटाच्या खिंडारातून, परवान्यावाचून जे जे गडात शिरले, त्या सर्वांना महाराजांनी माफी दिली आहे! दसऱ्यापासून ते उंबरगडचे रहिवासी!”

भागी गुरवीण दारात पत्रावळ्या टाचत बसली होती. तिच्या हातातली काडी मट्‌कन मोडली. तिची धाकटी बहीण मुक्ता नवऱ्यासह पावसाळ्यापासून वेशीबाहेरच्या छपरात परवान्याची वाट बघत होती. खिंडार काय तिला दिसत नव्हतं? पण “येईन तर रीतसर येईन, ताई,” म्हणून बिचारी बसून राहिली होती. इकडे भागीच्या शेजारी नागू लोहार राहत होता. तो दुष्काळी मुलखातून बायकापोरांसह खिंडारातूनच आत आलेला. माणूस भला, भागीची विळी तोच परजून देई. त्याच्यावर तिचा राग नव्हता. पण मग मुक्ताचं काय चुकलं?

गावकरी राजसभेच्या सभासदांना भेटत सुटले. एक म्हणाला, “सेनापतींना सांगा.” सेनापती म्हणाले, “दिवाणजींना सांगा.” दिवाणजींना तर गाऱ्हाणं ऐकता ऐकताच असा खोकला लागला, की वैद्याला बोलवावं लागलं! शेवटी सगळे थेट दरबारात जाऊन उभे राहिले.

राजा मानसिंगराव मनाचा मोठा, पण हट्टी! त्याने मिशीवर ताव दिला.

“मी शब्द फिरवत नाही! तरी एक संधी देतो. उद्या माझ्या वाढदिवसाचं जेवण आहे. ते आटोपायच्या आत, हुकूम चुकला हे माझ्याच तोंडून वदवून घ्या. विनवायचं नाही, रडायचं नाही, आणि त्या लोकांविरुद्ध ब्र काढायचा नाही. नाही जमलं, तर कोटाचं खिंडार तुम्हीच दगड वाहून बुजवायचं!”

गणोबा तेल्याने कपाळाला हात लावला. “राजा आपल्याच तोंडाने आपली चूक कशाला सांगेल?”

“सांगेल की!” भागी म्हणाली. “महाराज, कबूल! उद्याच्या पत्रावळ्या मलाच मांडायच्या आहेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वाड्याच्या पुढच्या दाराशी निमंत्रितांची गर्दी झाली. हातात निमंत्रणाच्या अक्षता, डोक्यावर ऊन. सर्वांत पुढे राजाचे सासरे जरीचा रुमाल सावरत घाम पुसत होते. महाराज आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा रिवाज होता. इकडे भागीने मुदपाकखान्याचं मागचं दार हळूच उघडलं आणि कुजबुजली, “या रे, बसा पटापट! पुढच्याच पाटांवर बसा!”

राजा आतल्या दालनातून पंगतीकडे आला, तो उंबऱ्यातच थबकला. त्याच्या शेजारच्या मानाच्या पाटावर गणोबा तेली मांडी ठोकून बसला होता. त्याच्या पलीकडे साळी, न्हावी, कासार. गणोबाच्या हातात तर जिलबी!

“हे काय? कोणी बोलावलं यांना?” राजा गरजला.

“कोणीच नाही, महाराज,” भागी म्हणाली.

“मग आत आले कसे?”

“मागच्या दारानं.”

“उठवा यांना!”

“आता बसलेत की महाराज! माफ करून टाका. एकदा आत आले म्हणजे पाहुणेच झाले.”

“माफ करू?” राजाचा चेहरा लालबुंद झाला. “अगं, माझे सासरे हातात अक्षता घेऊन उन्हात ताटकळतायत! रीतसर आले ते बाहेर, आणि चोरवाटेने घुसले ते मानाच्या पाटावर? हा कुठला न्याय?”

आचाऱ्याचा झारा हवेतच राहिला. भागीने हात जोडले.

“महाराज, आमचं गाऱ्हाणं इतकं नीट आम्हालासुद्धा मांडता आलं नसतं!”

दिवाणजी तोंडावर उपरणं धरून हसू दाबू लागले. राजा क्षणभर गोंधळला. पण हार मानणारा तो नव्हे!

“थांब! आता तूच निवाडा कर. यांना इथून हाकललं, तर खिंडारातून आलेल्यांनाही आज कोटाबाहेर हाकलीन, बायकापोरांसकट. यांना बसू दिलं, तर त्यांनाही माफी! बोल, काय करू?”

गणोबाची जिलबी हातातच राहिली. हाकला म्हणावं तर नागूची पोरं उघड्यावर, बसू द्या म्हणावं तर मुक्ता छपरातच! तिने पंगतीकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि पदर खोचला.

“उठवा, महाराज! पण हाकलू नका. यांच्या हातात वाढायची भांडी द्या! अक्षता घेऊन आलेले आधी जेवतील, हे त्यांना वाढतील, आणि मग शेवटच्या पंगतीला बसतील. खिंडारातून आलेल्यांनीही आधी खिंडार बुजवावं. वेशीवर थांबलेल्या साऱ्यांना परवाने मिळाले, की मग त्यांची पाळी. माफी फुकट नको आणि हाकलणंही नको!”

राजाला असं हसू फुटलं, की मंदिल डोक्यावरून घसरून थेट भाताच्या मुदीवर पडला!

“हरलो, भागी! हुकूम चुकला माझा, भरल्या पंगतीत सांगतो!” त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. “आणखी काय हवं, माग!”

“वेशीवरचा कारकून आठवड्यातून एकदाच उगवतो, महाराज. तो रोज बसू दे.”

“उद्यापासून बसेल! आणि झोपला तर तू येऊन त्याला उठव!”

पुढचं दार उघडलं. सासरेबुवा घाम पुसत मानाच्या पाटावर बसले. गणोबाने वरणाचं भांडं उचललं, इकडे तिकडे पाहिलं आणि जिलबी हळूच तोंडाकडे नेली.

“गणोबा!” भागी ओरडली. “ठेव ती खाली! पाहुणे जेवायचेत अजून!”

राजाला पुन्हा हसू आवरेना.