जपानी पेला रिकामा कसा द्यायचा?

माडवणचा राजा भडकला तो गुळाच्या एका खड्यावरून.

एका जपानी व्यापाऱ्याने त्याला लाखकामाचा लाकडी पेला नजर केला होता. बाहेरून काळाभोर, आतून लालचुटुक, तळाशी सोनेरी रेघांचा करकोचा. जपानात म्हणे यातून तांदळाची दारू पितात. आपला राजा सोलकढी प्यायचा. पेला एवढा इवलासा, की राजाचे ओठ टेकायच्या आत मिशाच अर्धी कढी पिऊन टाकायच्या! तरी राजाला त्याचं कोण कौतुक. एकदा करकोच्याच्या पायाचं सोनं खरवडलं गेलं, म्हणून पेला भिवा चिताऱ्याकडे गेला. भिवाने पाय असा रंगवला, की कुठे खरवडला होता ते राजालाही सापडेना.

पेला पोचवायला भिवाची लेक आवडी आली. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे तिच्या घरचं वळण. म्हणून तिने आत गुळाचा खडा टाकला होता.

"राजाला एक खडा?" राजाचा आवाज चढला.

"महाराज, भांडंच तेवढं आहे."

"भांडं लहान म्हणून देणाऱ्याने हात आखडायचा? परवा दुपारी माझा शंभर माणसांचा दरबार या एका पेल्यावर खाऊ घाल. प्रत्येकाने 'पुरे' म्हटलं पाहिजे. नाही जमलं, तर तुझ्या बापाचे रंग आणि कुंचले जप्त!"

बाबा दोन दिवस उपाशी राहतील, पण कुंचल्यावाचून एक दिवस काढायचे नाहीत. पण घाबरून गप्प बसेल ती आवडी कसली?

"वाड्यातलं काही घेतलं तर चालेल?"

"दूध-पाणी घे हवं तेवढं. राजाच्या घरी त्याला कोण नाही म्हणतंय? पण खाण्याची वस्तू येईल ती या पेल्यातूनच."

"बरं," आवडी म्हणाली आणि पेला घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पेला फडक्याने झाकून वाड्याच्या मुदपाकखान्यात हजर. तिने चार हंडे दूध कोमट करून घेतलं, पेल्यातलं पांढरं काहीतरी चमचा चमचा प्रत्येक हंड्यात कालवलं, हंड्यांवर घोंगड्या टाकल्या आणि आचाऱ्याला बजावलं, "हलवू नका हं."

ठरल्या दिवशी दुपारी दरबार पाटांवर बसला. घोंगड्या निघाल्या आणि सुरीने कापावं असं कवडीदार दही समोर आलं! प्रधानजींनी तीन वाट्या चापल्या. सेनापतींनी पाच, वर चाटूनपुसून सहावी. शेवटी जो तो पोटावर हात ठेवून म्हणाला, "पुरे, पुरे."

राजाने मात्र भुवई उचलली. "लबाड पोरी, दूध तर माझं होतं."

"होतं ना, महाराज. मी फक्त पेलाभर विरजण आणलं. आता आपलं दूध आपण दह्यातून वेगळं काढून घ्या. उरेल ते माझं."

राजाने वाटीत बघितलं. वाटी फिरवून बघितली. मग मिशांना लागलेलं दही पुसत म्हणाला, "हरलो बुवा. बापाचे कुंचले बापाकडेच राहतील. आणि हा पेला तुला बक्षीस."

आवडीने पेला हातात घेऊन आत डोकावलं. करकोच्याशिवाय आत काहीच नव्हतं.

"महाराज, रिकामाच?"

"अगं, एवढ्याशा पेल्यात मी घालू तरी काय?"

"भांडं लहान म्हणून देणाऱ्याने हात आखडायचा?"

राजा आधी लालबुंद झाला, मग जो हसत सुटला, की त्याचा पाटच कलंडला. डोळे पुसत त्याने गोठ्यावरच्या माणसाच्या कानात काही सांगितलं. थोड्या वेळाने एक लांबलचक दावं आलं. राजाने त्याचं टोक गुंडाळून पेल्यात ठेवलं.

"घे. भरला की नाही पेला?"

दाव्याच्या दुसऱ्या टोकाला दुभती गाय हंबरली.