बिरूनं पाडला उजेड

एका माळावरच्या वस्तीत बिरू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर त्याला कुणी बस म्हटलं की ऊठ म्हणेपर्यंत तो बसूनच राही. तो राहायचा यसूमामीकडं. मामीच्या म्हशी होत्या आणि गोठ्यामागं गोबरगॅसची टाकी होती. टाकीवर लोखंडी टोपी पालथी घातलेली. शेणाचा गॅस साठला की टोपी वर यायची. त्या गॅसवर इंजिन चालायचं आणि इंजिनावर घरातले दिवे लागायचे. वस्तीला दुसरी वीज नव्हती.

मामीनं बिरूला काम शिकवलं. "जेवढं शेण, तेवढंच पाणी. काठीनं कालवायचं आन् टाकीत सोडायचं. ध्यानात राहील का?"

"राहील की मामी."

आणि राहिलं, हीच तर पंचाईत झाली. दुसऱ्या दिवशी त्याला डेअरीत धाडलं, तर गड्यानं जेवढं दूध तेवढंच पाणी घेतलं आणि त्याच काठीनं कालवलं. डेअरीवाल्यानं दूध आणि बिरू दोन्ही परत पाठवले.

"आरं, दूध कालवत न्हाईत," मामी म्हणाली. "झाकायचं. घट्ट झाकायचं, वारं लागू द्यायचं न्हाई."

"चुकलं मामी. आता झाकतो."

संध्याकाळी त्यानं इंजिन सुरू केलं आणि वारं लागू नये म्हणून त्यावर दोन गोधड्या घालून वरून दोरी आवळली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. सगळ्यांनी चाचपडत जेवण उरकलं.

"आरं, गुदमारलं की ते," मामी म्हणाली. "असलं समदं उघडं ठेवायचं असतं."

"चुकलं मामी. आता उघडतो."

त्यानं गोधड्या काढल्या. मग गॅसच्या नळीची चावीही उघडून ठेवली आणि समाधानानं झोपला. सकाळी बघतात तर गॅस माळावर आणि टोपी तळाला.

नेमकं त्याच दिवशी मामीच्या लेकीला, कमळला बघायला पाहुणे यायचे होते. कमळला मुलगा मनापासून आवडला होता. पण मुलाच्या वडिलांनी बजावलं होतं, "तिन्हीसांजेला येऊ, पण मुलगी नीट उजेडात बघू."

मामीला रडूच आलं. चावी बंद केल्यावर सांजेपर्यंत टोपी कशीबशी थोडी वर आली. मामीनं बिरूला बाजूला घेतलं. "दिवा मिणमिणला की टोपीवर वजन ठेव. दाब वाढला की उजेड वाढतो. जड दिसंल ते ठेव, पण मला इचारायला येऊ नगं. आज काय झालं तर तुला आईकडं धाडीन बघ."

"बरं मामी."

पाहुणे चौघं आले. मुलगा, त्याचे वडील, चुलते आणि मध्यस्थ. मामी आत कमळच्या पदराला पिन लावत होती. एवढ्यात दिवा मिणमिणला.

"अहो, आम्हाला आमचे पाय दिसेनात, मुलगी कुठली दिसायला," वडील म्हणाले.

बिरूनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. वडील चांगलेच जड होते. चुलतेही काही कमी नव्हते.

"उजेड पाहिजे तर माझ्यासंगं चला," तो म्हणाला.

गोठ्यामागं त्यानं टोपीवर घोंगडं अंथरलं आणि चौघांना मानानं बसवलं.

"वास येतोय," मुलगा म्हणाला.

"सोयरीक जमवायची म्हणजे एवढं सोसावं लागतं," मध्यस्थ म्हणाला.

घरात दिवा लख्ख पेटला. कमळ पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. इतकी सुंदर ती कधी दिसली नव्हती. समोर सतरंजी होती. सतरंजीवर कुणी नव्हतं.

"पाव्हणं कुठं गेलं?" मामी म्हणाली.

गोठ्यामागून डुबुक असा दांडगा आवाज आला. दिवा गेला.

मामी जागच्या जागी उभी राहिली. मागून आरडाओरडा ऐकू येत होता, आणि मधूनमधून घागरीनं पाणी ओतल्याचा आवाज. थोड्या वेळानं दारात बिरू आला. कोपरापर्यंत शेण, पण चेहरा समाधानी.

"मामी, टोपी कलंडली आन् पाव्हणं आपसूक टाकीत सोडलं गेलं. मी माणशी एकेक घागर पाणी घातलंया. आता निस्तं कालवायचं राहिलंय. काठी कुठं ठेवलीस?"