शेपटीचा दोष

फोटोसाठी दगडासारखे निश्चल बसावे लागे, त्या काळातली ही गोष्ट. दाजीसाहेब इनामदार स्टुडिओत श्वास रोखून बसले. पायाशी बसलेला खंड्या कुत्रा मात्र शेपूट हलवत राहिला आणि फोटोत शेपटीच्या जागी नुसता धुरकट पट्टा उमटला.

पुढे दोघे फोटोसकट गावच्या संग्रहालयात आले. दाजीसाहेब चौकटीतून रोज करवादत, "मेल्या, तुझ्यापायी आपली रवानगी अडगळीत होणार!"

खंड्या म्हणे, "धनी, तुम्हाला पाहूनच हलली हो ती."

अखेर भिंतीवर कोणते फोटो लावायचे, त्या निवडीचा दिवस उजाडला. बाकीचे सगळे इनामदार अडगळीत गेले आणि हाच फोटो दर्शनी भिंतीवर लागला. दाजीसाहेब मनातून फुलले. मग खाली पाटी लागली : "शेपूट हलवणारा कुत्रा. सोबत एक अनोळखी गृहस्थ."