चरकाचा तेलकट हार

अवजारं आपसात बोलत असत त्या काळची ही गोष्ट. येसबाच्या गुऱ्हाळात उसाचा रस काढणारा चरक होता. दर खंडेनवमीला येसबा त्याला झेंडूचा हार घाली आणि हात जोडी. कोनाड्यातल्या तेलाच्या बुधलीकडे मात्र वर्षभर कुणी बघत नसे.

एकदा बुधली म्हणाली, "चरकदादा, तुझा फिरता कणा कोरडा पडलाय. धनी आला की जरा कुरकुर, म्हणजे तो तेल घालेल."

चरक छाती फुगवून म्हणाला, "मी देव आहे. देव कधी तेल मागतो का?"

"मारुतीलासुद्धा दर शनिवारी तेल लागतं, बाबा! आणि तो तर जागचा हलतही नाही."

ऐन हंगामात चरक आपोआपच कर्रकर्र ओरडू लागला. देव कोपला असं वाटून येसबानं नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी आणखी एक फोडला. तिसऱ्या दिवशी कणाच मोडला.

"तेलाविना झिजून मोडलाय. नव्याला आठ दिवस लागतील," भिवा सुतार म्हणाला. "एक जादा करून ठेवू, असं मी गेल्या सालीच म्हणालो होतो, येसबा."

अंगणात तोडून आणलेला ऊस वाळत पडला. येसबा त्याच्याकडे बघत नुसता बसून राहिला.

पुढच्या खंडेनवमीला भिंतीशी एक जादा कणा उभा होता. येसबानं आधी चरकाला तेल घातलं आणि मग त्याच हातांनी हार घातला. झेंडूची फुलं तेलानं माखली.

"हार खराब झाला की रे," बुधली म्हणाली.

चरक म्हणाला, "पहिल्यांदाच चांगला मिळालाय."