राजाने पाळणा बांधला

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राज्यं एवढी लहान असत की सकाळी निघालेला माणूस राज्याला फेरी मारून जेवायला घरी येई.

अशाच एका राज्याच्या डोक्यावर मोठा तलाव होता. तलावाला मातीचा बांध होता आणि बांधाखाली शेतं, गोठे, घरं, सगळं गाव वसलेलं होतं.

तिथला राजा तरुण होता. मनाने तो वाईट नव्हता. पण त्याला बोलता फार सुंदर येई आणि सगळी अडचण तिथेच होती.

एका वर्षी पाऊस थांबेचना. तलाव काठोकाठ भरला आणि बांध पाझरू लागला. लोक वाड्यापुढे धावत आले.

"महाराज, बांध पाझरतोय. काय करायचं?"

राजाला ठाऊक नव्हतं. पण उंच सज्जात उभं राहून, खाली एवढे डोळे आपल्याकडे लागलेले असताना, 'मला ठाऊक नाही' असं म्हणायचं कसं? त्याने हात उंचावला.

"हा बांध नुसत्या मातीचा नाही! आपल्या आजोबा-पणजोबांच्या घामाचा आहे! त्या घामाला कधी पाझर फुटेल का?"

"नाही!" लोक गरजले. टाळ्या झाल्या. भाषण ऐकलं की लोकांना काम झाल्यासारखंच वाटे. सगळे आनंदाने घरी गेले. बांध मात्र पाझरतच राहिला, कारण तो काही भाषण ऐकायला आला नव्हता.

चार दिवसांनी पाणी गढूळ येऊ लागलं. म्हणजे आता आतली मातीही वाहून चालली होती. लोक पुन्हा धावले. राजाला अजूनही काही सुचलं नव्हतं, पण बोलायला तर हवंच होतं.

"आपल्याच बांधाला पाझर का फुटला?" त्याने आवाज खाली आणून विचारलं. "डोंगरापलीकडच्यांचा तलाव शाबूत, आणि आपलाच का पाझरतो? विचार करा!"

लोकांनी विचार केला नाही, ते चिडले. सज्जातून निघताना जो प्रश्न होता, तो गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो उत्तर होऊन बसला. डोंगरापलीकडच्यांनीच बांध पोखरला! गावातले सगळे धडधाकट पुरुष काठ्या घेऊन खिंडीकडे धावले आणि तिथे पहारा देऊ लागले. डोंगरापलीकडे गुरं चरत होती, त्यांच्यावर नजर ठेवून हे उभे. इकडे बांधावर माती टाकायला एक माणूस उरला नाही.

मला तर त्या लोकांचा रागच येतो. पण आपणही त्या गर्दीत असतो तर काय केलं असतं, कुणास ठाऊक.

आता या राजाची आई तो तान्हा असतानाच वारली होती. त्याला एका दाईने आपल्या मुलीबरोबर दूध पाजून वाढवलं होतं. ती मुलगी, म्हणजे राजाची दूधबहीण, नुकतीच बाळंत झाली होती. तिचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी होतं. नवरा काठी घेऊन खिंडीत गेलेला, आणि हिला असा ताप की उठून बसवेना. भिंतीच्या कडेने ओल चढताना दाईने पाहिली. तिने पदर खोचला आणि वाडा गाठला.

"राजे भाषणाच्या तयारीत आहेत," कारभारी म्हणाले.

"मी भाषणाचं बोलायला न्हाई आले," दाई म्हणाली. "उद्या माझ्या नातवाचं बारसं हाय. मामाला बोलवाय आले."

त्या राज्यात असा रिवाज होता की बारशाला पाळणा मामाने बांधायचा, तोही अनवाणी उभं राहून. आणि नाव ठेवून होईपर्यंत पाळण्याची दोरी हातातून सोडायची नाही. राजा असला म्हणून काय झालं? मामा तो मामा.

दुसऱ्या दिवशी राजा आला. दारात जोडे काढले, आढ्याला पाळणा बांधला, दोरी हातात धरली. बायका पाळणा गाऊ लागल्या.

पहिल्या कडव्याला राजाच्या तळव्यांना गारवा लागला. तिसऱ्या कडव्याला बोटांच्या फटीतून चिखल वर आला.

"माय, जमीन ओली कशी गं?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळी कोरडी व्हती," दाई म्हणाली. "दोरी सोडू नको."

गाणं पुढे सरकलं, तसं पाणीही सरकलं. राजाची पावलं बुडाली. बायकांचे आवाज कापरे झाले आणि एकेक करत थांबले. एकजण हात जोडून म्हणाली, "महाराज, काहीतरी बोला. तुम्ही बोललात की धीर येतो."

राजाने तोंड उघडलं. आजोबा-पणजोबांचा घाम ओठांवर आलाच होता. पण हातातल्या दोरीला बाळाचं वजन लागत होतं आणि पाळण्याखाली गढूळ पाणी हलत होतं. त्याने तोंड मिटलं आणि दोरी घट्ट धरली.

खाटेवरून बहिणीने विचारलं, "दादा, खरं सांग. बांध टिकंल का?"

"मला ठाऊक नाही."

हे वाक्य तो जन्मात पहिल्यांदाच बोलला. त्याला वाटलं, आता सगळ्या रडू लागतील. पण दाईने मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बाबा, एकदाचा बोललास. ज्याला ठाऊक न्हाई, त्याला निदान इचारता तरी येतं. इचार आता."

राजाने विचारलं. बायका एकदम बोलू लागल्या. माती हवी, पेंढा हवा, बैल हवेत, आणि सगळ्यांत आधी माणसं हवीत. माणसं तर खिंडीत होती. ती कुणी पाठवली होती, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

आत्याने घाईघाईने बाळाच्या कानात नाव सांगितलं. राजाने दोरी दाईच्या हातात दिली आणि तसाच अनवाणी खिंडीकडे पळत सुटला.

त्याला पाहताच लोकांनी जयघोष केला. राजा दगडावर चढला नाही. त्यांच्या मधोमध उभा राहिला.

"डोंगरापलीकडच्यांनी काहीही केलेलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. मी खोटं बोललो. बांध फुटायला आलाय. चला."

कुणी टाळी वाजवली नाही.

"म्हंजी आम्ही हितं उगाच उभे?" एकाने विचारलं.

"उगाच."

बहिणीचा नवरा पुढे आला. "आणि माझं लेकरू?"

"पाळण्यात आहे. पाळण्याखाली पाणी आहे."

काठ्या जागेवर पडल्या आणि माणसं उतारावरून धावत सुटली. राजा मात्र उलट्या दिशेने, एकटाच खिंड ओलांडून पलीकडे गेला. आपल्या माणसांपुढे चूक कबूल करणं अवघड, ज्यांना चोर ठरवलं त्यांच्यापुढे तर त्याहून अवघड. पण तो बोलला. काहीही न सजवता बोलला.

पलीकडचा म्हातारा पाटील त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहत राहिला.

"तुमची माणसं काठ्या घेऊन का उभी, ते आम्हाला कळतच नव्हतं," तो म्हणाला. "बांध पाझरतोय तर हाक मारायची!"

"मला माफ करा."

"माफीचं मागाहून बघू. बैल किती लागतील ते सांगा."

दोन्हीकडच्या माणसांनी मिळून माती ओढली, पेंढा अंथरला, चोपून चोपून बसवला. दिवस कलताना गढूळ पाणी निवळलं. मग त्याची धार बारीक झाली आणि थांबली. तरी कितीतरी वेळ कुणाचा विश्वास बसेना. मग एकजण चिखलात फतकल मारून हसू लागला आणि सगळा बांध हसण्याने भरून गेला. खालच्या घरात बाळ भुकेने रडत होतं, आणि ते रडणं ऐकून त्याच्या बापाच्या डोळ्यांना धार लागली. सुटलो, असं प्रत्येकाला अगदी मनापासून वाटलं.

जुन्या सवयीने कुणीतरी ओरडलं, "महाराज, दोन शब्द!"

"भाकरी खा," राजा म्हणाला, आणि स्वतःही पंगतीत बसला.

त्याने दाईची माफी मागितली, तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू बोललास खरा, पण टाळ्या आम्हीच वाजवल्या ना बाबा."

त्या दिवसापासून त्या राज्यात संकटातलं भाषण सज्जातून होईनासं झालं. आग लागली तर आगीपाशी आणि पूर आला तर पाण्यात उभं राहूनच राजाने बोलायचं, असं ठरलं. भाषणं फार लहान झाली, आणि लोकही टाळी वाजवण्याआधी एखादा प्रश्न विचारू लागले.

तात्पर्य : संकटात पुढाऱ्याचे शब्द किती गोड आहेत ते पाहू नये, तो कुठे उभा राहून बोलतो आहे ते पाहावे.